खैरडोहाचा सातवा नियम

सन १९६३

१२ एप्रिल, शुक्रवार

अन् लावलीबी कोठी, तं माह्या हाटेलासमोर! एवढा मोठा तलाव, चारी अंगानं सातपुड्याचे डोंगर, पण वामनराव मास्तरले पाटी रोवाले माह्या चुलीपुढचीच जागा सापडली. मी चहाचं आधण ठेवलं, डोकं वर केलं, तं पाटी. पिवळा रंग, काळे अक्षरं. शालूबाई शेजारून आली. म्हणे, "काय वो जनका, काय लिव्हलं हाये?" म्हटलं, थांब. माहं वाचणं झालं तवापर्यंत आधण आटून भगोनं करपलं.

वर लिहिलं हाये, 'खैरडोह तलाव, उन्हाळी पाहुण्यांस सूचना व नियम'. मोटारी, जीपगाड्या घाटाखालच्या चिंचेपाशी उभ्या कराव्यात. दुपारी बारा ते चार काठावर हिंडू नये. डोक्यास ओले फडके बांधावे, जवळ पिण्याचे पाणी व कांदा ठेवावा. हे कांद्याचं मीच मास्तरले सांगतलं होतं! त्याले काय ठाऊक, तो पुस्तकातला माणूस. साबण लावून आंघोळ करू नये. खरकटे पाण्यात टाकू नये. तलावाची खोली पाहण्यास उतरू नये. इथपर्यंत मले काईच म्हणाचं नाई. मलकापूरचे लोकं येतात अन् मटणाचे हाडकं पाण्यात फेकतात, मी सोता भांडली हाये त्याइच्यासंग.

पण सातवा. 'गाळावरील वाटेचे खुंट समितीने नेमलेल्या इसमाशिवाय कोणीही रोवू अगर हलवू नयेत.'

कोणीही म्हणजे आमी. दुसरं कोण रोवते बाप्पा?

उन्हाळ्यात पाणी मांगं हटते अन् काठ ते पाणी एवढ्या पट्ट्यात गाळ उघडा पडते. वरतून पापडावानी वाळलेला, खालून कमरेइतका. त्यातून मुरमाचा एकच दांडा पाण्यापर्यंत जाते, तोबी सरळ नाई, वाकडा. वैशाखात आखाजीच्या दिवशी आमच्या घरचा माणूस त्या दांड्याच्या दोन्ही अंगानं खुंट रोवते, पळसाचे, वर लाल चिंधी. गाव नारळ देते. माह्या सासऱ्यानं रोवले, त्याच्या बापानं रोवले. भोयाच्या घराले दुसरा मान तो काय हाये? तोच एक.

माह्या नवऱ्याचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नाई. पण प्रौढाच्या वर्गात ह्याच वामनराव मास्तरनं म्हटलं, "तोंडानं नका घेऊ, पाटीवर लिहा," म्हणून लिहाची सवय झाली. जानराव. वही मास्तरनंच देल्ली, रोज लिहा म्हणे. घे मास्तर, लिहिलं. तुहंच लिहिलं.

१३ एप्रिल, शनिवार

शाळेच्या ओट्यावर जाऊन पकडला त्याले. म्हटलं, "सातवा नियम कोनं घातला?"

म्हणे, "समितीचा ठराव आहे, जनकाबाई."

"समितीत तुमीच लिहिता, तुमीच वाचता. बाकीचे आंगठे. मले काऊन ते सांगा."

खाली पाहून राह्यला. म्हणे, "मागच्या वर्षी शालूबाईची म्हैस गाळात गेली ना."

म्हटलं, "म्हैस का खुंट वाचते?"

"खुंटाच्या आतूनच चालली होती," म्हणे. अन् मंग, "जानरावांनी काही म्हटलं नाही ना? मग राहू द्या."

घरी येऊन ह्याइले बोलली. माणसानं पेटून उठावं का नाई? तं बाजेवर पडल्या पडल्या म्हणे, "जाऊ दे वं. वय झालं माहं. दुसऱ्याले करू दे." बावन्न वर्साचं वय झालं म्हणे! बैलावानी मान हाये अन् वय झालं.

मास्तरचं हे नवं नाई. पौषात, ऐन शिंगाडे काढाच्या वक्ती आला. म्हणे, जानरावांना दोन दिवस खामगावला नेतो. काय काम, तं सांगे ना. मी म्हटलं, शिंगाडे का तुमी काढता? जाऊ नाई देल्लं. तवापासून डाव धरला त्यानं. आता मले समजलं.

१७ एप्रिल, बुधवार

नेमलेला इसम आला. उकंडराव नाव. सडकेच्या कामावर मुकादम होता म्हणे, चिखलीकडचा. तलाव त्यानं जलमात पाह्यला नसन. संग लोखंडी गज, सुतळीचा गुंडा अन् चुन्याची बादली. दिवसभर गाळात गज खुपसून राह्यला, बोटानं मोजून राह्यला. मी मोठ्यानं म्हटलं, "काय बे, घराचा पाया खोदतं का?" तं हसला अन् म्हणे, "मावशी, चहा द्या." देल्ला. पाणचट देल्ला.

आमच्यात असं गज खुपसणं नाई. खूण राह्यते. काठावरचा शेंदराचा दगड पाठीशी घ्याचा अन् समोरच्या टेकडीवरची एक खूण नाकासमोर धराची, तिथून दांड्याचं वळण समजते. ती समोरची खूण बाप लेकालेच सांगते. बायकोले नाई. आमाले दोन पोरी, दोघी सासरी. म्हणून खूण ह्याइच्याच पोटात हाये. मी इतक्या वर्सात विचारली नाई.

घरात मात्र वैताग आला. चहा ओतला तं अर्धा कपात, अर्धा मांडीवर. काल माह्या लुगड्याले धोतर समजून नेसत होते. आळशी माणूस, ध्यान कोठी राह्यते कोनास ठाऊक. चुलीत मी सालईचं लाकूड घातलं, शिमग्याच्या वादळात टेकडीवरची मोठी सालई पडली त्याचं. निमं शालूबाईनं नेलं, मले बारके बारके राह्यले. तं म्हणे, "कशाचं लाकूड हाय वं? उदावानी वास येते." म्हटलं, "लाकूड हाये, लाकडाचं. उठा, पाणी आणा."

२६ एप्रिल, शुक्रवार. आखाजी

आज त्या चिखलीवाल्यानं खुंट रोवले. चुना लावलेले, पांढरे, मसनातल्यावानी दिसतात. गाव जमलं. सरपंचानं नारळ त्याच्या हाती देल्ला. त्याच्या हाती! मी हाटेलातून पाह्यत होती. आमचे हे मांगं चिंचेखाली उभे होते, मान कलती करून, जसं कोणी गाणं म्हणून राह्यलं अन् हे आयकून राह्यले.

वामनराव मले पाहून नमस्कार करते! मले वाटलं, उकळतं आधण त्याच्या टोपीवर ओतावं.

लिहून ठेवते, ह्या उन्हाळ्यात मास्तरचं अन् त्याच्या मुकादमाचं तोंड काळं करीन तं खरी. त्याचीच पाटी त्याच्या गयात बांधीन.

३० एप्रिल, मंगळवार

पाच दिवस जीपगाड्या येऊन राह्यल्या. लोकं पांढऱ्या खुंटातून जातात, पाणी डोक्याले लावतात, येतात. काईच होत नाई. चहा पिताना म्हणतात, "वा, काय चांगली सोय केली यंदा." चहात मीठ टाकावं वाटते.

उद्या एक मे. सुटी हाये, मलकापूरचे वकील, कापसाचे जिनवाले बंदे येतीन. तसीलदारबी येणार म्हणतात. मले उपाय सुचला. पाह्यटे त्याचे खुंट उपटाचे, आमचे रोवाचे. खरे. पळसाचे, लाल चिंधीचे. तसीलदार विचारीन, हे सुंदर खुंट कोनाचे? तवा मी पुढं होईन.

ह्याइले सांगतलं तं नाई म्हणे. "नको वं. पाप व्हईन." पाप कायचं त्यात? मी म्हटलं, तुमच्या बापाचा नारळ दुसऱ्यानं नेला अन् तुमाले पाप सुचते? मंग मी तोंड सोडलं. ते सबन लिहित नाई. शेवटी बाजेवरून उठले. मंग म्हणे, "चाल. तुहं समाधान तं समाधान."

१ मे, बुधवार

झालं! तांबडं फुटाच्या आधी गेलो. मी चुन्याचे खुंट उपटले, मोळी बांधून घाणेरीच्या झुडपात टाकली. त्याइनं शेंदराचा दगड हातानं चाचपला, पाठ टेकवली, समोर पाह्यलं. अजून पुरतं उजाडलं नोतं. मी म्हटलं, "खूण दिसते का अजी, का थांबाचं?" म्हणे, "दिसते." काय नजर हाये! मले तं टेकडीबी धड दिसत नोती. मी एक एक खुंट हाती देत गेली अन् ते रोवत गेले. उजाडलं तवा लाल चिंध्या अशा फडफडत होत्या का माहे डोये भरून आले. सासऱ्याची आठवण झाली.

उकंडराव आला, पाह्यलं, अन् गज घ्याले धावत आपल्या मुक्कामाच्या खोलीकडे गेला. तवापर्यंत दोन जीपगाड्या आल्याबी होत्या.

सांजीले लिहून राह्यली.

मलकापूरच्या वकिलाची आई. साठीची बाई, नऊवारी, हातात तांब्या. देवाले पाणी घ्याचं म्हणून एकटीच पुढं गेली. चौथ्या खुंटापाशी पाय गेला, मंग दुसरा. कमरेपर्यंत. ओरडलीबी नाई, तांब्या तेवढा वर धरला होता. लोकं काठावर बोंबलत राह्यले. उकंडरावनं माह्या हाटेलातली बाज उचलली, गाळावर उपडी टाकली, तिच्यावर पालथा पडून सरकत गेला, अन् तिच्या काखेत हात घालून ओढलं. दोन घंटे लागले. बाई जिती हाये. बाजेचे दोन गाते मोडले.

वकील म्हणे, "कोण आहे खुंट लावणारा?" लोकाइनं उकंडरावकडे बोट केलं. तो चिखलानं भरला होता. त्यानं मले पाह्यलं. लाल चिंध्या सबन गावाले ठाऊक हायेत. पण बोल्ला कोणीच नाई. तोबी नाई.

२ मे, गुरुवार

वकिलानं तसीलदाराकडे लेखी देल्लं. बुधवारी समितीची बैठक हाये, उकंडरावले काढणार. वामनरावचं तोंड उतरून गेलं. माह्या मनासारखं झालं. दोघाइचंही तोंड काळं झालं.

कणीक मळली अन् तशीच ठेवून देल्ली. भूक नोती.

पाणी यंदा जास्त हटलं हाये. दांडा खचला असन. तसं होऊ शकते. आमच्या रेघेत चूक नसते.

४ मे, शनिवार

दोन दिवस तो चौथा खुंट डोयासमोरून हटेना. आज दुपारी, सूचनेत हिंडू नये लिहिलेल्या त्याच उन्हात, मी ह्याइले काठावर नेलं. उकंडरावनं आपले पांढरे खुंट पुन्हा रोवले होते, आमचे काढून काठाशी नीट रचून ठेवले होते. चिंध्यासुद्धा सोडल्या नाई त्यानं. तो तिथंच चिंचेखाली सामान बांधत होता. दूर एक गुराखी होता.

म्हटलं, "अजी, चूक कोठी झाली ते मले पाहू द्या. मले खूण दाखवा."

म्हणे, "बायकोले सांगाची नसते."

"लेक नाई आपल्याले. माह्यासंग मराची का ती?"

मंग दगडाले पाठ लावली, हात लांब केला. म्हणे, "ते पाह्य. टेकडीवरची दुबेळक्याची सालई. तिच्या दोन फांद्याच्या मधोमध नजर ठेवाची. दिसून राह्यली ना?"

मी टेकडी पाह्यली. टेकडीवर झुडपं होते, आभाळ होतं. सालई माह्या चुलीत गेली, शिमग्यापासून जळून राह्यली.

म्हटलं, "तुमाले दिसते?"

"हे काय, समोर. पांढरं खोड." अन् मले दाखवाले म्हणून चालालेच लागले. पांढरे खुंट डाव्या हाताले राह्यले, हे सरळ गाळाकडे. मी दोन्ही हात हलवले. मी म्हटलं थांबा. उकंडराव थांबला, गुराखी थांबला. हे चालत राह्यले, त्याइले वाटलं मी दुसऱ्या कोनाले म्हणून राह्यली. नुसतं थांबा म्हटलं तं ते अख्ख्या काठाले. मंग मी नाव घेतलं. जानराव! असं ओरडली का डोंगरातून परत आलं.

ते एका पायावर थांबले. मांगं वळले. बत्तीस वर्सात त्याइनं माह्या तोंडून नाव आयकलं नोतं. तोंड माह्याकडे केलं म्हणावं, तं तेबी जरा बाजूले, पाटीकडे केलं होतं.

मी जाऊन हात धरला. उकंडरावनं मान दुसरीकडे फिरवली.

५ मे, रविवार

शालूबाईले अंगणात उभी केली. म्हटलं, "तुले ठाऊक होतं?"

म्हणे, "म्हैस बुडाली तवाच. मी भांडाले आली होती तं मास्तरनं हात जोडले. म्हणे, जानरावची इज्जत जाईन. खामगावले डोयाचा डॉक्टर येते, पौषात नेतो त्याले. तूच आडवी झाली शिंगाड्यासाठी."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तुले?" म्हणे. अन् हसली. "तुह्या नवऱ्यानंच शपथ घातली होती मास्तरले. म्हणे, तिले समजलं तं ती जीव घेईन, मले घरात बसवून ठेवीन."

मी तिले सांगतलं, माह्या अंगणातून नीघ. ती गेली. जाताना माहं सरपण नीट रचून गेली, तीबी एक चमत्कारिक बाई हाये.

सांजीले चहा केला. कप डाव्या हाताशी ठेवला, म्हटलं, "डावीकडे हाये." म्हणे, "दिसते मले." म्हटलं, "हो, दिसते तुमाले." मंग दोघंबी चहा पेलो.

आज एकटीच टेकडीवर गेली होती. सालईचं खोड कमरेइतकं उभं हाये अजून. त्याले उकंडरावच्या बादलीतला चुना थापला. काठावरून चांगलं दिसते.

६ मे, सोमवार

कागद कोरा एकच हाये, म्हणून आधी वहीत लिहून पाह्यते. मंग पाटीवर खिळ्यानं ठोकणार, सातव्या नियमाच्या वर.

वामनराव मास्तर, तलाव समितीचे सेक्रेटरी, यांसी.

एक मेच्या पाह्यटे उकंडरावचे खुंट मी उपटले. घाणेरीत टाकले. त्याच्या रेघेत दोष नोता, मी गज घेऊन मोजून पाह्यली. वकिलाले हे लिहून धाडा, माहं नाव घालून. माणूस काढाचा तं मले काढा, पण मले तुमी नेमलंच नाई तं काढसान कोठून? उकंडरावले काढलं तं मी हाच कागद तसीलीत नेऊन वाचीन, मोठ्यानं.

सातव्या नियमात इसम लिहिलं हाये. तिथं माहं नाव लिहा. जनकाबाई जानराव. खूण आता माह्यापाशी हाये अन् मले डोये हायेत. उकंडरावनं गज धरावा, मी रेघ धरीन. नारळ फोडून अर्धा अर्धा.

आता तुमचं. एक वरीस तुमाले ठाऊक होतं. शालूबाईले ठाऊक होतं, तिच्या म्हशीले ठाऊक होतं. मलेच नोतं. माह्या घरातल्या माणसाचे डोये गेले अन् मी त्याले आळशी म्हणत राह्यली, हे तुमी रोज माह्या हातचा चहा पिऊन पाह्यलं. शपथ घातली म्हणता. माणूस शपथ घालतेच, त्याचं काय आयकता? पौषात डॉक्टरचं नाव घेतलं असतं तं मी का सडकेवर आडवी पडली असती? पडली असती म्हणा. तरी सांगाचं काम तुमचं होतं. हे मी विसरणार नाई. तुमी माह्या हाटेलात या, चहा भेटन, पण पाणचटच भेटन.

तो डॉक्टर खामगावले पुन्हा कधी येते, कोणत्या तारखेले, कोठी बसते, अन् आम्ही दोघं जाऊ तं संग कोण येते, ह्याचा जवाब द्या.

बुधवारी पौर्णिमा हाये, बैठक दुपारी चारले. त्याच्या आत जवाब पाहिजे. तोंडी नोको. लिहून द्या. वाचाले तुमीच शिकवलं हाये मले.